मंडळी सोडून गेलेला गायक

एखाद्या गानमंडळीचा प्रमुख गायक बाहेर पडला म्हणजे त्या प्रसंगाची कथा बहुधा दोनच प्रकारें सांगितली जाते : मंडळी तरी बुडाली, नाहीं तर गायक तरी बुडाला. इंग्लंडांतील पीटर गॅब्रिएल याची हकीकत या दोहोंपैकीं कोणत्याही सांच्यांत बसत नाहीं. म्हणूनच ती सांगण्याजोगी आहे.

चार्टरहाऊस शाळेंतील कांहीं मुलांनीं १९६७ सालीं 'जेनेसिस' नांवाची रॉक संगीताची मंडळी काढली. तींत गॅब्रिएल गात असे व बांसरीही वाजवीत असे. १९७२ सालीं एके दिवशीं तो पत्नीचा तांबडा झगा व कोल्ह्याचा मुखवटा घालून रंगमंचावर आला. सहकाऱ्यांनाही त्याची पूर्वकल्पना नव्हती. वृत्तपत्रांना हा प्रकार फार आवडला. परंतु चाली बसविण्यांत सर्वांचा हात असतां छायाचित्र एकाचेंच छापून येऊं लागलें, तेव्हां मनें दुखावणें ओघानेंच आलें. त्यांत १९७४ सालीं त्याची पहिली मुलगी जन्मतःच अत्यवस्थ झाली. मंडळीचें काम आणि आजारी बालक यांच्या ओढाताणींत त्यानें निर्णय घेतला. परंतु ठरलेला दौरा अर्धवट न टाकतां १९७५ च्या मे महिन्यांत तो पुरा करून मगच तो बाहेर पडला.

त्याच्या जागीं ड्रम वाजविणारा फिल कॉलिन्स गाऊं लागला आणि मंडळीचा लौकिक वाढतच गेला. इकडे १९७७ सालीं गॅब्रिएलची स्वतंत्र ध्वनिमुद्रिका निघाली. तींतील 'सॉल्सबरी हिल' या गीतास बाथ शहराजवळच्या टेकडीचें नांव आहे, आणि विषय जुनें बंधन सोडण्याचाच आहे. त्याची लय मुख्यत्वें सात मात्रांची. रूपक तालाची संवय असलेल्या आपल्या कानांस यांत नवल वाटावयाचें नाहीं. चारांच्या चालीवर चालणाऱ्या तिकडच्या लोकप्रिय संगीतांत मात्र हें धाडसच होतें. पहिल्या चारही ध्वनिमुद्रिकांना त्यानें स्वतःच्या नांवाखेरीज दुसरें नांव दिलें नाहीं. चौथीला 'सिक्युरिटी' हें नांव मिळालें तें अमेरिकेंत. ज्यानें मुखवट्यांवर कीर्ति मिळविली, त्यानें पुढें उघड्या नांवावर उभें राहावें, यांत मला त्याचा खरा स्वभाव दिसतो.

१९८० सालच्या तिसऱ्या ध्वनिमुद्रिकेंत त्यानें झांजांना बंदी केली. कांहीं गीतांत ड्रम वाजविले ते कॉलिन्सनेंच! तेथें लाभलेला, घुमून एकाएकीं तुटणारा नाद कॉलिन्सनें पुढें आपल्या स्वतःच्या गीतांत वापरून जगभर नेला. दक्षिण आफ्रिकेंत पोलिसांच्या कोठडींत १९७७ सालीं मरण पावलेल्या स्टीव्ह बिको याच्यावरील गीतही याच ध्वनिमुद्रिकेंतील.

खरी कसोटी लागली ती १९८२ सालीं. देशोदेशींचें संगीत एका जागीं ऐकवावें या हेतूनें त्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं शेप्टन मॅलेट येथें 'वोमॅड' हा उत्सव भरविला. उत्सव रंगला, हिशेब मात्र बुडाला. घेणेकऱ्यांचा तगादा लागला, तेव्हां सात वर्षांपूर्वीं सोडलेली मंडळी धांवून आली. २ ऑक्टोबर रोजीं मिल्टन कीन्स येथें भर पावसांत जलसा झाला. गॅब्रिएलला शवपेटींतून रंगमंचावर आणण्यांत आलें. अशी थट्टा त्यालाच शोभावी. उत्पन्न कर्ज फेडण्याकडे गेलें. या संगीताच्या इतिहासांत भांडणांचे दाखले हवे तितके सांपडतात. असा दाखला विरळा.

१९८६ च्या जुलैंत त्याचें 'स्लेजहॅमर' हें गीत अमेरिकेंत अग्रस्थानीं गेलें, आणि तेथून त्यानें खालीं सारलें तें जेनेसिसचेंच गीत! वोमॅडमागची दृष्टीही वायां गेली नाहीं. १९८९ सालीं 'रिअल वर्ल्ड' ही ध्वनिमुद्रिका काढणारी संस्था निघाली, आणि नुसरत फतेह अली खान यांची कव्वाली पाश्चात्य श्रोत्यांपर्यंत पोंचविण्यांत तिचा मोठा वांटा होता.

जेनेसिसचा अखेरचा जलसा २६ मार्च २०२२ रोजीं लंडन येथें झाला. प्रकृतीमुळें कॉलिन्स खुर्चीवर बसूनच गायला. श्रोत्यांमध्यें गॅब्रिएलही होता. गाण्यासाठीं तो वर चढला नाहीं.