ग्रोथ हार्मोन इंजेक्शनचे दुष्परिणाम : पालकांनी काय लक्षात ठेवावे?

ज्या मुलांच्या शरीरात ग्रोथ हार्मोन पुरेसे तयार होत नाही, त्यांना हे हार्मोन इंजेक्शनद्वारे द्यावे लागते. टर्नर सिंड्रोम, प्रॅडर-विली सिंड्रोम, किडनीचा दीर्घकालीन आजार आणि जन्मतः वजन-उंची कमी असून पुढेही न वाढलेली मुले यांच्यातही हा उपचार वापरला जातो. इंजेक्शन सहसा रोज रात्री, काही वर्षे घ्यावे लागते. त्यामुळे 'याचे दुष्परिणाम काय?' हा पालकांचा प्रश्न अगदी रास्त आहे.

जुनी भीती, आजचे औषध

1985 पूर्वी हे हार्मोन मृत व्यक्तींच्या पियुषिका ग्रंथीतून काढले जात असे. त्यातून काही रुग्णांना क्रॉइट्झफेल्ट-जेकब हा मेंदूचा जीवघेणा आजार झाल्याने ते बंद झाले. आजचे औषध, म्हणजे सोमाट्रोपिन, जैवतंत्रज्ञानाने प्रयोगशाळेत बनवतात. त्यात मानवी ग्रंथीचा अंश नसल्याने हा धोका राहिलेला नाही.

नेहमी दिसणारे किरकोळ त्रास

- इंजेक्शनच्या जागी दुखणे, लाली, खाज किंवा सूज
- सौम्य डोकेदुखी
- सांधे व स्नायू दुखणे
- शरीरात पाणी साठल्याने हातापायांवर थोडी सूज

हे त्रास बहुधा आपोआप कमी होतात किंवा डोस कमी केल्यावर थांबतात. रोज एकाच जागी टोचल्यास तिथली चरबी झिजून खड्डा पडतो. म्हणून मांडी, पोट, दंड, नितंब अशी जागा रोज बदलावी.

दुर्लक्ष करू नये अशी लक्षणे

*तीव्र डोकेदुखी, उलट्या, अंधुक किंवा दुहेरी दिसणे :* कवटीतील दाब वाढल्याची ही खूण असू शकते. हा त्रास विरळा असतो आणि बहुतेकदा उपचाराच्या पहिल्या काही आठवड्यांत होतो. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून पडद्याची तपासणी करावी लागते. औषध थांबवल्यावर दाब सहसा उतरतो आणि नंतर कमी डोसने उपचार पुन्हा सुरू करता येतो. पण दाब तसाच राहिला तर नजरेला इजा होऊ शकते.

*लंगडणे, खुब्यात किंवा गुडघ्यात दुखणे :* झपाट्याने वाढणाऱ्या मुलांत मांडीच्या हाडाचे डोके वाढीच्या थरावरून घसरू शकते. दोष खुब्यात असूनही अनेकदा मूल गुडघा दुखतो असे सांगते. 'खेळताना मुरगळला असेल' असे समजून मालिश करत बसू नये. मुलाला चालू न देता त्याच दिवशी दाखवावे आणि खुब्याचा एक्स-रे काढावा. वेळेत कळल्यास शस्त्रक्रियेने हाड जागेवर स्थिर करता येते.

*पाठीचा कणा वाकणे :* हार्मोनमुळे कणा वाकडा होत नाही, पण आधीचा वाकडेपणा वेगाने वाढणाऱ्या उंचीबरोबर वाढू शकतो.

*वारंवार लघवी, खूप तहान :* ग्रोथ हार्मोन इन्सुलिनच्या कामाला विरोध करते. लठ्ठ मुलांत, टर्नर सिंड्रोममध्ये किंवा घरात मधुमेह असल्यास साखरेवर विशेष लक्ष ठेवावे.

*थकवा, सुस्ती :* उपचारामुळे थायरॉइड किंवा कॉर्टिसॉल हार्मोनची लपलेली कमतरता उघड होऊ शकते. थायरॉइड कमी असेल तर उंचीही अपेक्षेप्रमाणे वाढत नाही.

*मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडकणे :* प्रॅडर-विली सिंड्रोम असलेल्या, विशेषतः फार लठ्ठ मुलांत हे जीवावर बेतू शकते. त्यांची झोपेतील श्वासाची तपासणी उपचाराआधीच करतात.

कर्करोग होतो का?

इतर कोणताही धोका नसलेल्या मुलांमध्ये या उपचाराने नवीन कर्करोग होतो असे आढळलेले नाही. मात्र सक्रिय कर्करोग असताना हे औषध देत नाहीत. लहानपणी कर्करोगासाठी रेडिएशन घेतलेल्या मुलांना दुसरी गाठ होण्याची शक्यता मुळातच जास्त असते. त्यांच्याबाबत निर्णय कर्करोगतज्ज्ञांशी बोलून घ्यावा लागतो.

कोणत्या तपासण्या लागतात?

दर 3 ते 6 महिन्यांनी उंची, वजन, खुबे आणि पाठीचा कणा तपासतात. रक्तात आयजीएफ-1, थायरॉइड आणि साखर पाहतात. हाडांचे वय कळण्यासाठी सहसा वर्षातून एकदा डाव्या हाताचा एक्स-रे काढतात. आयजीएफ-1 फार वाढले असल्यास डोस कमी करतात. मुलाचे वजन वाढत जाते तसा डोसही बदलतो, म्हणून जुन्या चिठ्ठीवर औषध चालू ठेवू नये.

घरी घ्यायची काळजी

- औषध फ्रिजमध्ये 2 ते 8 अंश सेल्सिअसला ठेवा. फ्रीझरमध्ये ठेवू नका. गोठलेले औषध वापरू नका.
- एखादा डोस चुकल्यास दुसऱ्या दिवशी दुप्पट देऊ नका.
- लवकर उंची वाढावी म्हणून डोस स्वतःहून वाढवू नका.
- किरकोळ त्रासाला घाबरून उपचार परस्पर बंद करू नका. हाडांचे वाढीचे थर बंद झाले की उंची वाढवता येत नाही, त्यामुळे वाया गेलेला काळ भरून निघत नाही.
- मुलाला इतर आजारासाठी दाखवताना हे इंजेक्शन चालू असल्याचे त्या डॉक्टरांना सांगा.

योग्य निदान आणि नियमित तपासणी असेल तर बहुतेक मुलांना हा उपचार चांगला सोसतो. वरीलपैकी कोणतेही गंभीर लक्षण दिसल्यास पुढच्या तारखेची वाट न पाहता आपल्या बालरोग हार्मोनतज्ज्ञांशी लगेच संपर्क साधा.