सुंची खडकावर फुटलेले जहाज

गोव्यात मुरगावजवळच्या समुद्रात सुंची नावाचा बुडीत खडक आहे. सतराव्या शतकात एक व्यापारी जहाज त्यावर फुटले. त्याच शतकात, १६३७ मध्ये, डचांनी वेंगुर्ल्यात वखार घातली. त्यांची जहाजे गोव्याची नाकेबंदीही करत, म्हणून फुटलेले जहाज डच असेल असे वाटू शकते. सुंचीचे जहाज मात्र पोर्तुगीज मानले जाते. विसाव्या शतकाच्या अखेरीस दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्या संशोधकांनी त्याचा तळाशी जाऊन शोध घेतला. लोखंडी तोफा, चिनी मातीची भांडी, साठवणीचे मर्तबान, काचेच्या बाटल्यांचे बूड, घडीव दगड असा ऐवज हाती लागला. सर्वांत बोलका पुरावा हस्तिदंताचा आणि पाणघोड्याच्या दातांचा : पाणघोडा भारतात नाही, तेव्हा हा माल आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचाच. उथळ पाण्यातल्या लाटांनी आणि लाकूड पोखरणाऱ्या किड्यांनी जहाजाचा सांगाडा राहू दिला नाही. १६२९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेस बुडालेल्या आणि १९६३ मध्ये सापडलेल्या ‘बाताव्हिया’ या डच जहाजाच्या कुशीचा काही भाग मात्र वाळूखाली टिकला. तो आज फ्रीमँटलच्या संग्रहालयात उभा आहे. सांगाडा उरला नसला तरी सुंचीचे महत्त्व उणावत नाही. आफ्रिका, गोवा आणि चीन यांना जोडणारा व्यापार येथे प्रत्यक्ष मालातून दिसतो.