एकच काम पाचशे वेळा

आमच्या गंगापूर रोडची ओळख विचारली तर कुणी केटीएचएम कॉलेज सांगतं, कुणी धरण सांगतं, हल्ली तर द्राक्षांचे मळे आणि वाइनही सांगतात. मला मात्र या रस्त्याचं नाव निघालं की फोटो स्टुडिओ आणि डीटीपीची छोटी दुकानं आठवतात. बाहेर काचेच्या कपाटात नवरा-नवरीचे मोठे फोटो आणि आत, पडद्यामागे, कॉम्प्युटरसमोर बसलेला एक 'ऑपरेटर'. फोटोग्राफरचं नाव पाटीवर असतं, ऑपरेटरचं कुठेच नसतं. हा लेख त्याच्याविषयी आहे, आणि त्याच्या कामातल्या एका दुर्लक्षित इतिहासाविषयी.

डिजिटल कॅमेरे आल्यावर एका लग्नाचे पाचशे-सातशे फोटो सहज निघायला लागले. प्रत्येक फोटो उघडा, थोडा उजळ करा, लहान करा, कोपऱ्यात स्टुडिओचं नाव टाका, सेव्ह करा, बंद करा. एका फोटोला फक्त दोन मिनिटं धरली तरी पाचशे फोटोंना साडेसोळा तास! हे काम माणसाचं नव्हेच. ते यंत्राकडून करून घ्यायची सोय मात्र आपल्याला वाटते त्यापेक्षा बरीच जुनी आहे.

फोटोशॉपचा जन्म १९८७ चा. थॉमस नोल या अमेरिकन विद्यार्थ्याने पडद्यावर करड्या छटा दाखवणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला, भाऊ जॉन त्यात सामील झाला, आणि १९९० च्या फेब्रुवारीत अडोबीने पहिली आवृत्ती बाजारात आणली. १९९६ च्या चौथ्या आवृत्तीत 'अ‍ॅक्शन्स' आल्या. अ‍ॅक्शन म्हणजे टेपरेकॉर्डरच म्हणा ना! तुम्ही एकदा काम करून दाखवायचं, प्रोग्राम ते लक्षात ठेवणार आणि पुन्हा करून दाखवणार. पुढे सातव्या आवृत्तीच्या काळात, २००२ च्या सुमारास, खरीखुरी स्क्रिप्ट लिहिण्याची सोय जोडता येऊ लागली आणि २००३ च्या सीएस आवृत्तीपासून ती आतच आली. म्हणजे 'मी केलं तसं कर' याच्या पुढे जाऊन 'फोटो उभा असेल तर असं कर, आडवा असेल तर तसं कर' हेही सांगता येऊ लागलं.

इथपर्यंत सगळं छान. खरी गोष्ट सुरू होते ती हे सगळं अडतं तेव्हा.

टेपरेकॉर्डरला गाणं कळत नाही, तसंच अ‍ॅक्शनला फोटो कळत नाही. रेकॉर्ड करताना तुम्ही विशिष्ट नावाच्या लेयरवर क्लिक केलं असेल, तर पुढच्या फाइलमध्ये त्या नावाचा लेयर नसला की गाडी तिथेच थांबते. नाव कोपऱ्यापासून अमुक अंतरावर ठेवलं असेल, तर वेगळ्या आकाराच्या फोटोत ते भलतीकडेच जाऊन बसतं. बॅच चालवताना 'अ‍ॅक्शनमधली ओपनची आज्ञा बाजूला ठेव' अशी एक खूण करता येते. ती केली आणि अ‍ॅक्शनमध्ये ओपनची आज्ञाच नसली, तर एकही फाइल उघडत नाही. ऑपरेटर बिचारा मशीनला दोष देत बसतो.

स्क्रिप्टची दुखणी आणखी मजेशीर. २००९ च्या आसपास आमच्या भागातल्या एका ऑपरेटरने मला बोलावलं. 'सर, माझ्या मित्राच्या दुकानात हीच स्क्रिप्ट पळते, माझ्याकडे मशीन मरतं.' स्क्रिप्टमध्ये रुंदी लिहिली होती ६००. एकक लिहिलं नव्हतं. असा नुसता आकडा दिला की फोटोशॉप तो चालू मोजपट्टीच्या एककात वाचतो. मित्राची मोजपट्टी पिक्सेलमध्ये होती. याच्याकडे मात्र बारा बाय छत्तीसच्या अल्बमचं काम चालायचं, म्हणून मोजपट्टी इंचात. म्हणजे मशीनला हुकूम मिळत होता सहाशे इंच रुंदीचा! तीनशे डीपीआयने १,८०,००० पिक्सेल. मशीन मरेल नाही तर काय होईल? सुरुवातीला 'एकक पिक्सेल' सांगणारी एक ओळ घातली आणि स्क्रिप्ट पळायला लागली. त्या मुलाने ती ओळ वहीत लिहून घेतली. शाळा दहावीनंतर सुटलेली, इंग्रजी जेमतेम, पण प्रश्न त्याने अगदी बरोबर विचारला होता. एकाकडे चालतं आणि दुसऱ्याकडे नाही, तर दोघांच्यात फरक काय? दोष शोधण्याचं अर्धं शास्त्र या एका प्रश्नात आहे. उरलेलं अर्धं म्हणजे पाचशे फोटोंवर नाही, एका फोटोच्या प्रतीवर चालवून बघणं आणि एकेका टप्प्याला आकडे तपासणं.

आता दुसरी शाखा बघू. १९९६ मध्येच बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी, स्पेन्सर किम्बॉल आणि पीटर मॅटिस यांनी, 'गिम्प' हा मुक्त प्रोग्राम लोकांसमोर ठेवला. त्याची स्क्रिप्टची भाषा होती 'स्क्रिप्ट-फू', म्हणजे १९७५ च्या 'स्कीम' या भाषेचं एक रूप. कंसांचं जंगल! शिवाय एक खोड अशी की गिम्पला फोटोची रुंदी विचारली तर तो आकडा देत नसे, आकडा असलेली यादी देई, आणि यादीतून पहिली वस्तू आपण काढून घ्यायची. नवशिक्यांच्या कितीतरी रात्री या एका खोडीने खाल्ल्या आहेत.

मराठी माणसाला गिम्पचं एक वेगळं अप्रूप होतं. २००४ च्या २.० आवृत्तीत त्याने अक्षरं मांडायला 'पँगो' ही प्रणाली घेतली आणि युनिकोडमधलं 'श्री' नीट 'श्री' दिसू लागलं. तेव्हा विकतच्या फोटोशॉपमध्ये युनिकोड मराठी टाकलं की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे पळायची आणि जोडाक्षरं फुटायची. म्हणून तर आमचे डीटीपीवाले जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टना चिकटून राहिले.

पण २००७ च्या २.४ आवृत्तीत गिम्पने आतला स्कीमचा दुभाष्या बदलला आणि जुन्या स्क्रिप्टा धडाधड पडायला लागल्या. जुना दुभाष्या ढिला होता. आधी न सांगितलेली चल संख्या मध्येच वापरली तरी चालवून घ्यायचा. नवा म्हणे, आधी जाहीर कर आणि सुरुवातीची किंमतही दे, नाहीतर 'अनबाउंड व्हेरिएबल'. त्याहून छुपी गोष्ट म्हणजे रिकामी यादी. जुन्याच्या लेखी ती 'खोटं' होती, नव्याच्या लेखी 'खरं'. म्हणजे स्क्रिप्ट पडत नाही, कुरकुर करत नाही, गुमान चुकीच्या फाट्याने निघून जाते! मार्च २०२५ मध्ये गिम्प ३.० आला तेव्हा हेच पुन्हा झालं. पायथनच्या जुन्या आवृत्तीत लिहिलेली प्लगइनं बंद पडली आणि स्क्रिप्ट-फूच्याही बऱ्याच स्क्रिप्टांना हात लावावा लागला. प्रोग्राम पुढे जातो, आणि त्याच्यासाठी फुकट स्क्रिप्ट लिहून ठेवणारा तोवर नोकरी-संसारात अडकलेला असतो. मग ती दुरुस्त कोण करणार?

थांबलेली स्क्रिप्ट वैताग देते, पण ती प्रामाणिक असते. भीती वाटावी ती न थांबणाऱ्या स्क्रिप्टची. माझ्या नात्यातल्या एका लग्नाचे फोटो २००७ मध्ये एका स्टुडिओने काढले. इंटरनेटवर टाकण्यासाठी सगळे फोटो लहान करायची बॅच लावली गेली. त्या खिडकीत फाइल कुठे ठेवायची हे विचारतात. 'फोल्डर' निवडलं तर प्रत वेगळी पडते, 'सेव्ह अँड क्लोज' निवडलं तर मूळ फाइलवरच लिहिलं जातं. तिथे दुसरं निवडलेलं होतं. एकही चूक दाखवली गेली नाही. काम 'यशस्वी' झालं. तीन वर्षांनी आजी गेली. त्या लग्नातला तिचा हसरा फोटो मोठा करून भिंतीवर लावायचा म्हणून फाइल शोधली तर ६४० बाय ४८० पिक्सेल! नीट छापायचा तर दोन इंचांच्या थोडा पुढे जातो. आजी आमच्या भिंतीवर नाही, पाकिटात आहे.

नाशिककराला अशा वेळी दादासाहेब फाळके आठवल्याशिवाय राहत नाहीत. १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरला जन्मलेले फाळके मुळात फोटोग्राफीचे, ब्लॉक करण्याचे, छपाईचे जाणकार. सिनेमाचे प्रयोग सुरू केले तेव्हा त्यांनी एक रोप अंकुरताना ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपली. एकच काम, शेकडो वेळा, न चुकता. कच्च्या फिल्मच्या कडेला भोकंही घरीच, अंधारात पाडावी लागत आणि ते काम सरस्वतीबाई फाळके करत. एक भोक सरकलं तर पडद्यावर चित्र थरथरणार. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला प्रदर्शित झाला आणि त्याच वर्षी फाळके नाशिकला आले. चार रिळांच्या त्या चित्रपटाची आज पहिली आणि शेवटचीच रिळं उरली आहेत. तीही १९१३ ची की १९१७ ला पुन्हा केलेल्या प्रतीची, यावर अभ्यासकांत वाद आहे.

सरस्वतीबाईंच्या हाताला प्रत्येक भोक कळत होतं. आपण तो हात यंत्राला दिला हे उत्तमच झालं. साडेसोळा तासांची हमाली कुणाच्याही वाट्याला येऊ नये. पण हमाली गेली तसं लक्षही गेलं, तर काय कमावलं? स्क्रिप्टमधली चूक एका फोटोवर थांबत नाही, पाचशे फोटोंवर एकाच वेळी उमटते. गावाची सगळी आठवण आता अशाच फोल्डरांत आहे: लग्नं, मुंजी, २००८ चा गोदेचा पूर, कुंभमेळे. आणि ती राखणारा माणूस म्हणजे पडद्यामागचा तो बिननावाचा ऑपरेटर.

असो. तुमच्या घरच्या लग्नाचे फोटो ज्याने हाताळले त्याचं नाव तुम्हाला माहीत आहे का? नसेल तर एकदा विचारून या. आणि विचारताना हेही विचारा, मूळ फाइली कुठे आहेत?