जांभळा दिसेपर्यंत

आमच्या फॅमिली ग्रुपवर अधूनमधून कोणीतरी जास्वंदीवरच्या शिंजिराचा फोटो टाकून खाली ‘हमिंगबर्ड’ लिहितं. हमिंगबर्ड भारतात नाहीच. तो फक्त अमेरिका खंडांत. मी खरा पाहिला तो गेल्या वर्षी, कोस्टा रिकातल्या मोंतेव्हेर्देच्या जंगलात. व्हायोलेट सेबरविंग. नावात जांभळा, आणि माझ्या स्क्रीनवर दोनशे काळे पक्षी.

“थांब, त्याला वळू दे,” वाटाड्या म्हणाला. पक्षी वळला. क्षणभर सगळं अंग जांभळं झालं, आणि माझं बोट उशिरा पडलं.

ही चमक लंडनच्या जॉन गोल्डला कागदावर हवी होती. १८५१ साली त्याने रीजंट्स पार्कच्या प्राणिसंग्रहालयात पेंढा भरलेले हमिंगबर्ड काचेच्या पेट्यांत मांडले. राणी व्हिक्टोरियाही बघून गेली. त्याच्या ग्रंथातल्या चित्रांत सोन्याच्या वर्खावर पारदर्शक रंग चढवलेत. आणि जिवंत हमिंगबर्ड त्याने पाहिला थेट १८५७ मध्ये, अमेरिकेत गेल्यावर! तोवर ग्रंथाचे बरेच भाग छापून झाले होते. मला हे आधी गमतीचं वाटलं. मग लक्षात आलं, पेट्यांतला प्रत्येक पक्षी कोणीतरी मारून पाठवलेला होता. बायकांच्या टोप्यांसाठी मारले गेले ते वेगळेच.

शंभरेक वर्षांनी याच चमकेमागे एक इंजिनिअर लागला. क्रॉफर्ड ग्रीनवॉल्ट, एमआयटीचा केमिकल इंजिनिअर, पुढे ड्यूपाँ कंपनीचा अध्यक्ष. १९४२ मध्ये शिकागोत पहिली नियंत्रित अणुसाखळी सुरू झाली तेव्हा तो तिथे हजर होता. आणि फावल्या वेळात हा माणूस हमिंगबर्डचे फोटो काढायचा! (मला वीकेंडला कपडे धुणं जमत नाही.) इतक्या वेगाने हलणाऱ्या पंखांपुढे साधं शटर तोकडं पडतं, म्हणून त्याने निमिषमात्र चमकणारे इलेक्ट्रॉनिक फ्लॅश वापरले. ‘हमिंगबर्ड्स’ हे त्याचं पुस्तक १९६० साली आलं. त्याच वर्षी त्याने दोन सहकाऱ्यांबरोबर पिसांच्या रंगाचं भौतिकशास्त्रही मांडलं. चमक रंगद्रव्याची नसतेच. पिसात मेलॅनिनच्या पातळ चकत्यांचे थर असतात, चकत्यांत हवेचे बुडबुडे. थरांवरून परतणारा प्रकाश जुळला तर रंग उजळतो; कोन चुकला की पीस काळं.

म्हणजे माझे दोनशे फोटो बिघडलेले नव्हते. मी चुकीच्या जागी उभा होतो.

दुसऱ्या दिवशी उजेड पाठीशी घेऊन उभा राहिलो. तीन तासांत एकच फोटो मिळाला, पंख धूसर, पण गळा जांभळाजर्द. लगेच ग्रुपवर टाकला.

आत्याचं उत्तर आलं: “अरे, हा तर आपल्या जास्वंदीवर रोज येतो.”