पहिलाच चुंबक नियमाबाहेरचा

युरेनियमच्या आंतरधातू संयुगांतले चुंबकत्व शिकायला बसले, की ‘हिल मर्यादा’ लवकरच समोर येते. अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेच्या एच. एच. हिल यांनी १९७० मध्ये एक आलेख मांडला. एका अक्षावर स्फटिकातल्या शेजारच्या दोन युरेनियम अणूंमधले अंतर, दुसऱ्यावर चुंबकीय क्रम किंवा अतिवाहकता जिथे सुरू होते ते तापमान. अंतर साधारण ३.४ ते ३.५ अँगस्ट्रॉमपेक्षा कमी असले तर चुंबकत्व नाही, जास्त असले तर आहे. अणू दाटीने बसले की त्यांच्या ५ एफ कक्षिका एकमेकींत मिसळतात, इलेक्ट्रॉन स्फटिकभर फिरू लागतात आणि अणूचे स्वतःचे चुंबकत्व विरते. शुद्ध युरेनियममध्ये हे अंतर २.७५ अँगस्ट्रॉम, तो कोणत्याही तापमानाला चुंबक होत नाही.

नियम सुटसुटीत आहे. पण युरेनियमच्या चुंबकांच्या घराण्याचा मूळपुरुषच त्यात बसत नाही.

हा मूळपुरुष म्हणजे युरेनियम हायड्राइड. युरेनियम हायड्रोजनमध्ये सुमारे २५० अंश सेल्सिअसला तापवला की त्याची काळी भुकटी होते आणि हवा लागताच ती पेटू शकते. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकेच्या अणुबॉम्ब प्रकल्पात, म्हणजे मॅनहॅटन प्रकल्पात, लॉस अलामॉसने याच भुकटीचा बॉम्ब करता येईल का, हे तपासले आणि नाद सोडला. पुढे १९५३ मध्ये लिव्हरमोरच्या प्रयोगशाळेने तीच कल्पना नेवाडात प्रत्यक्ष उडवून पाहिली. ‘रूथ’ नावाच्या त्या चाचणीचा जोर अवघा २०० टन टीएनटीइतका भरला, आणि ज्या मनोऱ्यावर बॉम्ब ठेवला होता त्याचा बराचसा भाग उभाच राहिला.

त्याच्या आदल्याच वर्षी, १९५२ मध्ये, पोलंडमधल्या व्रोत्सवाफला व्वोजिमिएश त्शेब्यातोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसले, की हा हायड्राइड सुमारे १७० केल्विनच्या खाली लोहचुंबक होतो. युरेनियमच्या संयुगात लोहचुंबकत्व सापडल्याची ही पहिली नोंद. बॉम्ब म्हणून फसलेला पदार्थ चुंबक म्हणून अव्वल ठरला.

आता त्याचे अंतर पाहा. अमेरिकेतल्या एम्सच्या रंडल यांनी त्याची स्फटिकरचना १९४७ मध्येच प्रसिद्ध केली होती. तिच्यात युरेनियमचे जवळचे शेजारी ३.३१ अँगस्ट्रॉमवर बसतात, म्हणजे मर्यादेच्या अलीकडे. अंतर माहीत होते, चुंबकत्व माहीत होते, आणि तरीही त्यानंतर मांडलेला नियम रूढ झाला. हायड्रोजन धातू नव्हे, म्हणून हे उदाहरण आंतरधातूंच्या पंगतीत धरू नये, असा बचाव करता येईल. तो टिकत नाही. हिल यांचे स्पष्टीकरण युरेनियम-युरेनियम अंतराचे आहे. मध्ये कोण बसले आहे याला त्यात जागाच नाही.

खरी गोम नेमकी तिथेच आहे. आर्गॉन प्रयोगशाळेतले केलिंग, डनलॅप आणि क्रॅबट्री यांनी १९८५ मध्ये मुद्दा मांडला तो ५ एफ कक्षिकांच्या शेजारच्या परक्या अणूंशी होणाऱ्या संकरणाचा, म्हणजे मिसळण्याचा. त्यांच्या बाजूने सर्वांत बोलका पुरावा एका जोडीचा: युरेनियम-गॅलियम (१:३) आणि युरेनियम-जर्मेनियम (१:३). दोघांची रचना एकच, दोघांत अंतर ४.२ अँगस्ट्रॉमच्या आसपास. पहिले ६७ केल्विनला प्रतिलोहचुंबक होते, दुसरे कधीच नाही. म्हणजे अंतर पुरेसे असूनही शेजारी अणू चुंबकत्व विरवू शकतात. हायड्राइडमध्ये याच्या उलट घडत असावे. प्रागच्या चार्ल्स विद्यापीठातले लाडिस्लाव हावेला आणि त्यांचे सहकारी सांगतात, की हायड्रोजन युरेनियमचे ६ डी इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतो. त्यामुळे ५ एफ इलेक्ट्रॉनांचे मिसळणे घटते आणि दाटीतही चुंबकत्व तगते.

युरेनियम-रुथेनियम-सिलिकॉनची (१:२:२) गोष्ट तर चाळीस वर्षे चालू आहे. अंतर ४.१ अँगस्ट्रॉम, म्हणजे मर्यादेच्या बरेच पलीकडे, १७.५ केल्विनला ठळक संक्रमण, पण अणूमागे चुंबकत्व जेमतेम ०.०३ बोर मॅग्नेटॉन. तिथला क्रम नेमका कशाचा, यावर अजून एकमत नाही.

हिल यांचा आलेख पहिल्या अंदाजासाठी जरूर वापरावा. पण नव्या संयुगात चुंबकत्व का आले किंवा का नाही, हे ठरवताना अंतराआधी युरेनियमचे शेजारी कोण आहेत ते पाहावे.