उदात्त: आधी आवाज, मग मन

'उदात्त' म्हटले की आपल्याला थोर ध्येय, मोठे मन आठवते. संस्कृत नाटकाचा धीरोदात्त नायकही याच अर्थाचा. पण 'उद्', 'आ' आणि 'दा' यांतून घडलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ 'वर उचललेला', आणि वेदपठणात वर उचलला जाई तो आवाज. पाणिनीच्या व्याकरणात उंच सुरातला स्वर उदात्त, खालचा अनुदात्त आणि दोहोंचा मेळ तो स्वरित.

या चढउतारावर अर्थ अवलंबून असे. इंद्राला मारणारा पुत्र मिळावा म्हणून त्वष्ट्याने यज्ञ केला, त्याची कथा प्रसिद्ध आहे. 'इंद्रशत्रु' या शब्दात शेवटच्या अक्षराऐवजी पहिले उदात्त झाले. 'इंद्राचा संहारक' म्हणायचे होते, ते 'इंद्र ज्याचा संहारक' असे झाले, आणि त्वष्ट्याचा तो पुत्र, वृत्र, स्वतःच मारला गेला.

मग वैदिक संस्कृत चिनीच्या पंक्तीत बसवायची का? मँडरिनमध्ये जवळजवळ प्रत्येक अक्षराला स्वतःचा सूर असतो. 'मा' उंच आणि सपाट म्हटले तर आई, खाली नेऊन वर आणले तर घोडा. वैदिक शब्दात मात्र सहसा एकच अक्षर उदात्त. टोकियोच्या जपानीतही 'हाशी'चे पहिले अक्षर उंच असेल तर जेवणाच्या काड्या, दुसरे असेल तर पूल. म्हणून मँडरिनला सूरभाषा आणि जपानी, वैदिक यांना सुराघाती भाषा म्हणण्याची रीत पडली.

अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ लॅरी हायमन यांना हा दुसरा वर्ग मान्य नाही. इंग्रजीसारख्या बलाघाती भाषेत नाम, क्रियापद अशा प्रत्येक शब्दाला मुख्य आघात असतो, आणि तो एकच असतो. सुराघाती म्हणवणाऱ्या भाषा या दोन्ही अटी पाळतीलच असे नाही. जपानीत कित्येक शब्दांना आघातच नसतो. वेदातही मुख्य वाक्यातले क्रियापद वाक्याच्या किंवा चरणाच्या आरंभी नसेल, तर सबंध अनुदात्त राहते. तेव्हा भाषेला एक नाव देऊन मोकळे होण्यापेक्षा तिची लक्षणे एकेक करून तपासावीत, असे हायमन यांचे म्हणणे.

मला ते मनापासून पटते, कारण पाणिनीची वाट हीच होती. आपली भाषा कोणत्या जातीची, हा प्रश्न त्याने घेतलाच नाही. कोणत्या प्रत्ययापुढे, कोणत्या समासात, वाक्यात कुठल्या जागी उदात्त येतो किंवा हरवतो, ते त्याने नियमानियमाने सांगितले. पुढे बोलीतून ते सूर गेले, मराठीपर्यंत पोचलेच नाहीत. तरी ते कुठे होते हे आज सांगता येते, ते या नियमांमुळे आणि पाठ जपणाऱ्या वैदिकांमुळे.