सही, दस्तुरखुद्द आणि स्वाक्षरी : खेळाडूंच्या हस्ताक्षरसंग्रहाचे ऐतिहासिक मूल्य

माजी खेळाडूंच्या स्वाक्षऱ्या जमविणे हा हौसेचा विषय मानला जातो. तथापि ज्या प्रदेशाचा क्रीडेतिहास बहुतांशी मौखिक राहिला, तेथे अशी स्वाक्षरी प्राथमिक साधन ठरू शकते. नांदेड व लातूर हे जिल्हे या दृष्टीने विचारार्ह आहेत.

प्रथम शब्दांचा विचार करू. ‘सही’ हा शब्द अरबीतून आला. त्याचा मूळ अर्थ ‘बरोबर’, ‘खरे’. वरील मजकूर खरा आहे, अशी ग्वाही म्हणजे सही. ‘दस्तुरखुद्द’ हा फारसी वळणाचा शब्द जुन्या कागदांत स्वहस्ते लिहिलेल्या मजकुराचा निदर्शक होता. आज तो ‘स्वतः, जातीने’ या अर्थी उरला आहे. निरक्षर कुणबी मात्र महजरावर नांगराची निशाणी करीत असे. संस्कृत घडणीची ‘स्वाक्षरी’ केवळ स्वतःचे अक्षर सांगते; तिच्या वर मजकूर असण्याची गरज नाही. संग्राहकाला हवी असते ती हीच.

परंतु मजकूर नसलेली स्वाक्षरी खरी कशावरून? अमेरिकेत १८८० नंतर सिगारेटच्या पाकिटांतून बेसबॉलपटूंची चित्रपत्रे प्रचारात आली. पुढे निवृत्त खेळाडूंकडून त्यांवर स्वाक्षऱ्या घेण्याची प्रथा रुजली, आणि तिच्यामागोमाग बनावट स्वाक्षऱ्यांचा व्यापारही वाढला. १९९० च्या दशकात तेथील एफबीआय या तपासयंत्रणेला त्याविरुद्ध मोठी मोहीम हाती घ्यावी लागली. स्वाक्षरी पुष्कळ होत्या. त्यांना ‘सही’ ठरविणारा पुरावा नव्हता.

मराठवाड्यात खेळाडूंचा मान प्रामुख्याने मल्लांना मिळाला. १९६९ साली लातूर येथे भरलेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत निलंगा तालुक्यातील हरिश्चंद्र बिराजदार विजयी झाले. त्या वेळी लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात होते. स्वतंत्र जिल्हा १९८२ साली झाला. बिराजदारांचे २०११ साली निधन झाले. अशा मल्लाने कुस्तीच्या हस्तपत्रकावर केलेली तारीखवार स्वाक्षरी ही त्या फडावरील त्याच्या उपस्थितीची साक्ष होय. लिपीही बोलकी असते. निजामी राजवटीत, १९४८ पूर्वी, राज्यकारभार व उच्च शिक्षण उर्दूतून चाले. त्या पिढीतील खेळाडूने उर्दू, नागरी की रोमन लिपी स्वीकारली, यावरून त्याच्या शिक्षणाचा अंदाज बांधता येतो.

हे कागद मात्र घरांच्या आश्रयाने टिकतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात हजारो माणसे दगावली, गावे जमीनदोस्त झाली. घरांतील कागदपत्रेही ढिगाऱ्याखाली गेली. म्हणून जे उरले आहे त्याची नोंद विनाविलंब व्हावयास हवी. प्रत्येक स्वाक्षरी कोणी, कोठे, केव्हा व कोणासमक्ष घेतली, हे संग्राहक हयात असतानाच लिहून ठेवावे आणि त्या नोंदीखाली त्याने आपले नाव घालावे. खेळाडूची स्वाक्षरी व संग्राहकाची सही एकत्र आली, म्हणजेच हौसेचा कागद इतिहासाचे साधन होतो.